वाघोबापाशी सोडलेला खडा

मुंबईहून डोंगर चढायला येणारी कॉलेजची मुलं-मुली शनिवारी कशेळ्याला उतरतात आणि शाळेच्या पडवीत मुक्काम करायची परवानगी मागतात. मी मुख्याध्यापिका आहे, किल्ली माझ्याकडं असते. मी त्यांना चार प्रश्न विचारते: किती जण, कोणत्या वाटेनं वर जाणार, परत कधी येणार, काही झालं तर घरी कुणाला कळवायचं. उत्तरं वहीत लिहून घेते, खाली सही घेते, मग किल्ली देते. गेल्या हिवाळ्यात त्यातल्या एकीनं विचारलं, "बाई, रानात अडकलं तर जगायचं कसं, याच्या थोड्या सूचना लिहून द्याल का? आमच्या मंडळाच्या पत्रकात छापू." माझ्याकडं तशी वही आहे, हे तिला गावात कुणीतरी सांगितलं होतं.

वही आहे. तीत पंधरा नियम आहेत. मी तिला चौदा उतरवून दिले. नववा दिला नाही. का दिला नाही, ते पत्रकात मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

नियम माझे नाहीत, माझ्या दादाचे आहेत. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आमचं गाव कशेळ्याहून चार मैल आत, जिथं भातखाचरं संपतात आणि चढ सुरू होतो तिथं. आईवडील लवकर गेले. माझं लग्न झालं नाही. शिक्षिकेचं ट्रेनिंग करून परत आले ती दादा-वहिनीच्याच घरात राहिले. दादाकडं ठासणीची बंदूक होती, पिकं राखायच्या परवान्याची. कार्तिकात डुकरं भातात उतरली की गाव हाका घालायचं. पंधरा-वीस माणसं डबे वाजवत, ओरडत रान हलवायची आणि डुक्कर जिथून निसटेल त्या वाटांवर दादा आणि त्याचा जोडीदार बसायचे. बायकांनी शिकारीला जायचं नाही अशी रीत. म्हणून मी कधी गेले नाही. परत आल्यावर दादा पडवीत बसून बंदूक पुसायचा आणि बोलायचा, आणि मी लिहून घ्यायची. मला ती सवयच आहे. घरात मीठ कधी आणलं तेही मी लिहिते.

"काय लिवतीस गं एवढं?" जोडीदार विचारायचा.

"तुमची अक्कल लिहून ठेवते. सांडून जाईल नाहीतर."

"मंग एका पानात मावंल ती."

पण एका पानात मावली नाही. दादाला रानाची जेवढी माहिती होती तेवढी मला शाळेच्या पुस्तकांची नाही. त्यातले काही नियम मी त्या मुलीला दिले तसेच सांगते. जखमी डुकराच्या मागं लगेच जायचं नाही, दोन विड्या ओढून होईपर्यंत बसायचं. तेवढ्या वेळात ते एक तर पडतं, नाहीतर लांब जातं, आणि दोन्हीत आपण जगतो. अंगावर आलंच तर पळायचं नाही, शेवटच्या क्षणाला बाजूला व्हायचं, ते सरळ निघून जातं. उंबर दिसला की पाणी जवळ आहे. माकड खातं ते सगळं माणसाला चालत नाही. कडू करांदा कितीही भूक लागली तरी तसाच उकडून खायचा नाही, चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायला लागतो. ज्याला तेवढा धीर नाही त्यानं आवळे शोधावेत. दगड हातानं उचलायचा नाही, आधी काठीनं हलवायचा, खाली फुरसं असतं. वाट चुकली तर पडलेलं शेण बघत जायचं, गुरांची वाट शेवटी गावातच येते.

चौथा नियम मला सगळ्यांत आवडायचा. शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ओढा धरून खाली चालत राहावं, वस्ती लागते. दादा म्हणायचा, "ते देशावर. आपल्याकडं नाला धरून खाली जायचं नाय. नाला कड्यावरनं उडी मारतो. आपल्याला मारता येत नाय."

सातवा: वाट सापडेनाशी झाली की चालायचं थांबायचं. पाण्याजवळ, पण पाण्याच्या पात्रात नाही, जाड बुंध्याला पाठ लावून बसायचं. चालणारा माणूस सापडत नाही, बसलेला सापडतो. अकरावा: दिवस मावळल्यावर रानात शिरायचं नाही, मग आत कुणीही असो.

आणि नववा. डोंगराच्या पायथ्याशी, जिथून गर्द झाडी सुरू होते तिथं, वाघोबाचा दगड आहे. शेंदूर लावलेला, वर वाघ कोरलेला, आता झिजून मांजरासारखा दिसतो. शिकारीला निघालेला प्रत्येक जण ओढ्यातला एक खडा उचलायचा, मनात स्वतःचं नाव एकदा घ्यायचा आणि खडा त्या दगडावर ठेवायचा. त्यानंतर रानात कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. 'कूऽ' करायचं, नाहीतर शीळ घालायची. परत येताना आपापला खडा उचलून मागं भिरकावायचा. रानात कधी नावानं हाक आली, तर ती चकव्याची. तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात बोलवतो आणि फिरवून फिरवून कड्यावर नेतो. तेव्हा हाक ऐकू आली की ओ द्यायची नाही. झुडपात सरकून गप्प बसायचं आणि हाक लांब जाईपर्यंत हलायचं नाही.

मी त्या वेळी नुकतीच ट्रेनिंग करून आले होते. मी विचारलं, "आणि खरंच कुणी माणूस हाक मारत असला तर?"

"आपला माणूस नावानं कशाला बोलवंल?" दादा म्हणाला. "आपल्या माणसाला म्हाईत असतंय, नाव खाली ठेवून आलोय ते."

"पण समजा."

"समजा नाय नि बिमजा नाय. लिही. तीनदा लिही."

मी एकदाच लिहिलं. पुढं कंसात पेन्सिलीनं लिहिलं: अंधश्रद्धा.

मग शिकारबंदीचा कायदा आला. जोडीदारानं आधी कुरकुर केली, दादानं केली नाही. त्यानं परवान्याचं नूतनीकरण केलं नाही आणि बंदूक ठाण्यात नेऊन जमा केली. पावती मला दिली. ती माझ्या फायलीत आहे. नंतर त्याला खोपोलीच्या एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी लागली. शिळफाट्याला तिघांत मिळून एक खोली, रविवारी घरी. बारा वर्षं त्यानं फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहिले. मी म्हणायची, आता तूही याद्या करतोस. तो म्हणायचा, "तुझ्या यादीत डुक्कर तरी यायचं. माझ्यात नुसता टेंपो येतो."

निवृत्त होऊन घरी आला तेव्हा साठीचा होता आणि तेव्हाच ते सुरू झालं होतं, हे आम्हाला उशिरा कळलं. आधी तो वस्तू विसरला, मग वार, मग वाटा. एकदा कारखान्याचा जुना खाकी सदरा घालून पहाटे यष्टीत बसला आणि शिळफाट्याला जाऊन फाटकावर उभा राहिला. तिथल्या ओळखीच्या माणसानं परत आणून सोडला. एकदा दिवसभर बंदूक शोधत होता. मी पावती दाखवली. त्यानं ती वाचली, घडी करून परत दिली आणि तासाभरानं पुन्हा माळा धुंडाळायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, यावर औषध नाही, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवायची यादी केली. सकाळी वहिनी, दुपारी शेजारची सून, संध्याकाळी मी. यादी चांगली होती. भातकापणीच्या दिवसांत ती पाळणं शक्य नव्हतं, एवढाच तिच्यात दोष होता.

ज्या सोमवारी तो गेला त्या सकाळी तो वहिनीला म्हणाला, "डुकरं आल्यात भातात. बघून येतो." कोयता घेतला. तो खळ्यावर चालला आहे असं तिला वाटलं. खळ्यावरच्यांना वाटलं तो घरी आहे. दुपारी जेवायला आला नाही तेव्हा दोन्हीकडून विचारणा सुरू झाली. मला शाळेत निरोप आला तो तीनला, घरी पोचले पाचला. त्या संध्याकाळी जवळपासची खाचरं आणि विहिरी बघून झाल्या. अकराव्या नियमाप्रमाणं रानात कुणाला जाऊ दिलं नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी आमच्या अंगणात टेबल मांडलं. बावीस माणसं आली, त्यांतली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली. मी चार टोळ्या केल्या, प्रत्येकीला एक दिशा, एक कोयता, एक दोर, एक डबा वाजवायला, दोन माणसांमागं एक भाकरीचं फडकं. निघाल्याची वेळ, परतायची वेळ. पोलीस पाटील माझ्याकडं बघत नुसते उभे होते. ते म्हणाले, "बाई, तुमी असल्यावर आमचं काय काम."

पहिल्या टोळीतला एक जण अर्ध्या तासात धावत परत आला. वाघोबाच्या दगडावर खडा आहे, म्हणाला, ताजा, अजून ओलसर माती लागलेली. इतक्या वर्षांत तिथं कुणी खडा ठेवला नव्हता. म्हणजे दादा त्याच वाटेनं वर गेला होता. मला आनंद झाला. मी वहीत लिहिलं, 'खडा मिळाला. दिशा नक्की', आणि खाली दोन रेघा मारल्या. चारही टोळ्या त्या बाजूला वळवल्या.

त्यातून एक घोटाळा झाला. कुणी त्याला काका म्हणणारा, कुणी मामा, कुणी दादा. चार टोळ्या एकाच डोंगरावर 'ओ काकाऽ', 'ओ मामाऽ' ओरडत हिंडायला लागल्या आणि गावात काका-मामा काय कमी आहेत? एका टोळीनं हाक मारली की दुसरीतला कुणीतरी ओ द्यायचा. दोनदा सापडला, सापडला म्हणून सगळे एका ठिकाणी गोळा झाले. तासभर वाया गेला. निरोप खाली आला तेव्हा मी ताबडतोब चिठ्ठी लिहून वर पाठवली: सर्वांनी फक्त नावानेच हाक मारावी. पूर्ण नाव, मोठ्याने. दुसरे काही ओरडू नये.

जोडीदार त्या वेळी माझ्या टेबलाजवळ बसला होता. सत्तरीला आलेला, गुडघे गेलेले, वर चढू शकत नव्हता. तो म्हणाला, "बाई, रानात नाव घेत नायत."

"तात्या, हा शोध आहे. शिकार नाही."

"त्याला काय म्हाईत, शोध हाय का शिकार?"

"त्याला स्वतःचं घर आठवत नाही. नियम कुठले आठवायला?"

जोडीदाराचीही समजूत तशीच होती, की दादाच्या डोक्यात आता काही उरलं नाही. डॉक्टरांची होती, माझी होती.

वहिनी चुलीवरून उठून आली. पदराला हात पुसत म्हणाली, "वन्सं, मी जाते त्यांच्यासंगती. मी हाक मारते."

"तू कशाला, वहिनी? चढ आहे. आणि तू हाक मारणार काय? नाव तर घेत नाहीस." पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं दादाचं नाव एकदाही उच्चारलेलं नव्हतं. शिरगणतीवाले आले तेव्हासुद्धा मला पुढं केलं होतं. "इथं बावीस माणसांच्या भाकऱ्या आहेत. तेवढं बघ."

ती भाकऱ्या बघायला गेली.

पहिल्या दिवशी डोंगराची डावी सोंड झाली. दुसऱ्या दिवशी उजवी सोंड आणि मधला नाला. डबे वाजत होते, नावाच्या हाका खाली आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होत्या. इतक्या जणांनी इतक्या वेळा त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी सामान मोजून घेताना तिसऱ्या टोळीचं एक भाकरीचं फडकं कमी आलं. टोळीचा म्होरक्या माझाच विद्यार्थी, त्याला मी विचारलं.

"नाल्याजवळ पाणी प्यायला टेकलो होतो बाई, तिथंच ऱ्हायलं वाटतं."

"वाटतं म्हणजे काय? परत जाऊन बघितलं?"

"बघितलं. नव्हतं. माकडांनी नेलं आसंल."

मी लिहिलं: 'फडके एक, निळ्या काठाचे, दोन भाकऱ्या व सुकटीची चटणी. नाल्याजवळ हरवले. माकडे.' आणि त्याला चार शब्द सुनावले.

गुरुवारी माणसं बारावर आली. भात शेतात पडून होतं, कुणाची कारखान्यात पाळी होती. मी कुणाला दोष दिला नाही, गैरहजर एवढंच लिहिलं. दुपारी चारच्या सुमाराला टोळ्या परतायला लागल्या. बारापैकी सगळ्यांत लहान होता तो शेजारचा जावई. तो हात धुताना म्हणाला, "बाई, चार दिवस म्हंजे काय खात आसतील ओ? कार्तिकात असतंय तरी काय रानात?"

मला नक्की आठवेना. मी आत जाऊन ट्रंकेतून वही काढली. आवळे, उंबरं, हे सहाव्या नियमात होतं. पान उलटलं. समोर नववा. माझंच अक्षर, वीस-बावीस वर्षांपूर्वीचं, गोल आणि स्वच्छ. 'नावाने हाक आल्यास ओ देऊ नये. झुडपात सरकून गप्प बसावे. हाक लांब जाईपर्यंत हलू नये.' आणि पुढं कंसात पेन्सिलीचा तो शब्द.

खडा. दिशा नक्की. दोन रेघा.

जो माणूस आठवणीनं ओढ्यातला खडा उचलतो आणि वाघोबापाशी ठेवतो, त्याला नियम आठवतात. त्याला घर आठवत नव्हतं, वार आठवत नव्हता, बंदूक कुठं गेली ते आठवत नव्हतं. पण रानाच्या तोंडाशी आल्यावर काय करायचं ते आठवत होतं. आणि आम्ही तीन दिवस, बावीस जण, डबे वाजवत, त्याच्या नावानं ओरडत त्याच्यावर हाका घातला होता. डुकरावर घालतात तसा.

मी वही घेऊन बाहेर आले आणि जोडीदाराच्या हातात दिली. त्याला वाचता येत नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वही परत दिली.

वहिनीला मी सगळं सांगितलं. मग तिनं चुलीतलं लाकूड ओढून बाजूला ठेवलं आणि पायात वहाणा घातल्या. "चला, आत्ता जाव."

साडेचार वाजले होते. वाघोबापर्यंत पाऊण तास, नाल्यापर्यंत आणखी तेवढाच. सहाला अंधार. वर गेलेली माणसं थकून खाली आलेली, कंदिलांत घासलेट नाही. तिथं कडा आहे. मी सगळं मनात मांडलं आणि म्हणाले, "सकाळी. पहाटे निघू. तूच पुढं राहा. पण आत्ता नाही."

"वन्सं, थंडी पडतीय."

"अकरावा नियम त्याचाच आहे, वहिनी."

तिनं वहाणा काढल्या. यापुढं मी त्या संध्याकाळबद्दल काही लिहीत नाही. यादी करण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

शुक्रवारी उजाडताना आम्ही आठ जण निघालो. मी पहिल्यांदाच त्या वाटेनं वर गेले. डबे घेतले नाहीत. वाघोबाच्या दगडावर तो खडा होता, लिंबाएवढा, काळा, गुळगुळीत. वहिनीनं त्याला हात लावला नाही, फक्त पदर डोक्यावर घेतला. पुढं झाडीत शिरल्यावर ती हाक मारायला लागली. ओरडायची सवय नसलेल्या बाईचा आवाज, खळ्यावरून जेवायला बोलावताना असतो तसा.

"आवंऽ... आवं ऐकताय का? चला घरी. भाकरी निवली."

थोडं थांबायची. ऐकायची. परत.

"आवंऽ, मी हाय. चला की आता."

नाल्याजवळ पोचलो तेव्हा ती उंबराकडं बघून थांबली आणि वाट सोडून उजवीकडं कारवीच्या झुडपात शिरली. मळलेल्या वाटेपासून चाळीस पावलांवर तो बसला होता. तिसरी टोळी दोन दिवस रोज त्या वाटेनं गेली होती. जाड बुंध्याला पाठ, पाणी जवळ, पण पात्राच्या बाहेर. एक पाय पुढं सोडलेला, घोटा सुजून काळानिळा झालेला, त्यावर पानं ठेवून वेलीनं बांधलेली. उजव्या हाताशी कोयता. डाव्या हाताशी आवळ्याच्या बियांचा छोटा ढीग. आणि एका सपाट दगडावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर गोटा ठेवून, चौघडी केलेलं निळ्या काठाचं फडकं.

म्हणजे बुधवारी आमची माणसं पाणी पीत होती तेव्हा तो चाळीस पावलांवर होता. ती नाव घेत होती आणि तो झुडपात गप्प बसून होता. हाका लांब गेल्यावर तो त्या घोट्यानिशी सरपटत नाल्यापर्यंत आला, भाकरी घेतली, परत आपल्या जागी जाऊन खाल्ली आणि फडक्याची घडी केली. फडकं घरचं आहे, परत द्यायचं आहे, हे त्याला कळत होतं.

तो गार झाला होता. वहिनी त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आवं." एवढंच. आणि मग उत्तर यायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबली.

कशेळ्याचे डॉक्टर म्हणाले, काल रात्री कधीतरी. मी विचारलं, काल सहाच्या आधी की नंतर? ते म्हणाले, "बाई, असं घड्याळ लावून सांगता येत नाही." मी तीनदा विचारलं. शेवटी ते म्हणाले, "नंतर असावं." ते मी लिहून घेतलं.

त्याला डोलीत घालून खाली आणताना वाघोबापाशी माणसं थांबली. जोडीदार तिथवर काठी टेकत आला होता, खांदा द्यायला नाही तर निदान वाटेत असावं म्हणून. एकानं विचारलं, "तात्या, खड्याचं काय करायचं? मी टाकू का उचलून?"

"ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा असतो."

"मंग हात लावून घेऊ काय त्यांचा?"

जोडीदारानं डोलीकडं बघितलं. "नगं," तो म्हणाला. "त्याला आता नावाचं काय करायचंय? ऱ्हाऊ दे."

पंचायतीच्या फॉर्मवर मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वहिनीला ते सांगता येणार नव्हतं म्हणून. तिनं मला त्या दोन गोष्टींबद्दल, मंगळवारच्या आणि गुरुवारच्या, कधीही काही विचारलं नाही. मी एकदा विषय काढायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुमी नियमानं वागलात, वन्सं. तेबी नियमानंच वागलं." यात टोमणा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती मला रोज शाळेचा डबा त्याच निळ्या काठाच्या फडक्यात बांधून देते. घरात दुसरी फडकी आहेत. मी मोजली आहेत.

पेन्सिलीचा कंस मी खोडला. कागद जुना आहे, शब्द दाबून लिहिलेला होता. उजेडात वही तिरकी धरली की अजून वाचता येतो.

मुंबईच्या मुलांचं पत्रक छापून आलं. चौदा सूचना, सुबक अक्षरात, शेवटी माझे आभार. सातव्या सूचनेच्या शेवटी त्यांनी स्वतःहून एक ओळ घातली आहे: 'हरवलेल्या सोबत्यास त्याच्या नावाने मोठ्याने हाका माराव्यात.' चूक म्हणता येणार नाही. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे.

शनिवारी किल्ली देताना मी त्यांना एवढं सांगते, की वाटेत शेंदूर लावलेला दगड लागेल, त्यावरचा काळा खडा हलवू नका. दर वेळी कुणीतरी विचारतं, का. मी सांगते, एकाचा आहे. मग विचारतात, तो परत न्यायला येणार आहे का? मी त्यांची सही घेते आणि वही मिटते.